मोतीरामनं पेरलं जिलेटिन

देऊळघाटातला मोतीराम खामगावच्या प्रत्येक कृषी केंद्रवाल्याला नावानिशी ठाऊक होता, आणि त्यात मोतीरामचा मोठेपणा काडीचा नव्हता. दुकानात जे कोणालाच खपत नाही ते मोतीरामला खपतं, एवढीच त्या ओळखीची मेख. नवीन म्हटलं की या माणसाच्या अंगात यायचं. डबा नवीन, बाटली नवीन, नाहीतर निदान वरचा कागद तरी नवीन. आत काय आहे ते तो घरी आल्यावर बघायचा, आणि कधी कधी बघायचाही नाही.

याचं मूळ बीटीत आहे. बीटी कपाशी पहिल्यांदा आली तेव्हा गावातले शहाणे बांधावर उभे राहिले, म्हणाले आधी दुसऱ्याची मजा पाहू. मोतीरामने पाकीट फोडलं आणि लावून मोकळा झाला. त्या साली बोंडं अशी फुटली की वेचायला बाया मिळेनात. मग काय, लोक त्याला विचारायला येऊ लागले, ओट्यावर बसवून चहा पाजू लागले. झालं, तिथंच माणूस बिघडला. पुढे अळीला बीटीची चव आवडू लागली, फवारण्या वाढल्या, गावोगाव तोंडं सुकली, बीटीचा तोरा पार उतरला. मोतीरामचा उतरला नाही. त्याचं म्हणणं एकच, एकदा बरोबर निघालो ना, मग परत निघू.

परत काही निघाला नाही. रानडुकरं पळवायला त्याने वाघाच्या डरकाळीचा भोंगा आणला. डुकरं थोडे दिवस बिचकली, मग भोंग्याच्या सावलीत येऊन बसू लागली. पळाले ते मोतीरामचेच बैल, आणि ते धाड गावच्या रस्त्यावर सापडले. कोणीतरी सांगितलं म्हणून कपाशीला गूळपाणी पाजलं, ते मुंग्यांनी प्यायलं. बायको सत्यभामाबाई हे सगळं सोसत होती. डोक्याला हात लावायची, चार शब्द सुनावायची आणि भाकरी वाढायची. चार शब्द सुनावले की संसार चालू आहे असं समजावं, त्यात वावगं काही नाही.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. जिल्हाच्या जिल्हा झोडपला गेला, लोकांनी उभी कपाशी उपटून टाकली, यांनाही उपटावी लागली. त्याच दिवसांत मोतीरामने खामगावहून साखरेच्या खड्यांसारखं काहीतरी आणलं. मातीत घातलं की ते पाणी पिऊन फुगतं आणि उघडीप पडली की थोडं थोडं पाणी मुळांना सोडतं. वस्तू खोटी नव्हती हो! पण एकराला घालायची थोडीशी, आणि थोडक्यात मोतीरामला कधी मजा वाटलीय? पुढच्या पेरणीला त्याने सगळं पाकीट खालच्या एका पट्टीत रिकामं केलं. पाऊस झाला तशी शेतातून गार, लिबलिबीत जेली वर आली. सरकी तिच्यावर तरंगू लागली. आणि निंदायला उतरलेल्या सत्यभामाबाई स्वतःच्याच शेतात अशा सटकल्या, की पट्टीच्या या टोकापासून बांधापर्यंत बसूनच गेल्या.

त्या उठल्या, लुगडं झटकलं, घरी आल्या आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

तसं अजिबात बंद नव्हतं. त्या म्हशीशी बोलायच्या आणि मोतीरामने ते ऐकायचं. अंगणात उभ्या राहून म्हणायच्या, "मोगरे, जेवाले वाढलं म्हणा." मोगरी कान हलवायची, मोतीराम आत जाऊन जेवायचा. अडचण अशी व्हायची, की म्हैस चरायला गेलेली असली तर निरोप यायचा नाही, आणि मोतीराम उपाशी राहायचा. शेवटी तो म्हशीच्या वेळा सांभाळू लागला. गावाने हसून घेतलं. त्यालाही आधी हसू यायचं, पण पेरणी गेली, वेचणी गेली, पुन्हा पेरणी आली, तेव्हा त्याला मनापासून रडू येऊ लागलं. घरात दोनच माणसं, मुलगा पुण्याला. बायकोने एकदा तोंडावर शिवी जरी दिली असती तरी मोतीरामने गावात पेढे वाटले असते. त्याला एवढंच हवं होतं, की सत्यभामेने आपल्याकडे बघून बोलावं. आणि त्यासाठी आपलं एखादं नवीन बरोबर निघालं पाहिजे, असं त्याच्या डोक्याने घेतलं. या डोक्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

शेजारी सईदभाई राहायचे. बसस्टँडजवळ त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. गुडघेदुखीच्या गोळ्या खायचे, आणि गोळी पोटात गेली की छातीत जळजळ होऊन तासभर ढेकर देत बसायचे. त्यांची हीना बुलढाण्याला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. बापाचे ढेकर ऐकत मोठी झालेली पोरगी, तिने प्रोजेक्टही तसाच घेतला. जिलेटिनचे बारीक मणी करायचे आणि औषध त्यांच्या पोटात लपवायचं. मणी जठरातल्या आंबटात अंग चोरून बसतो, औषध सोडत नाही. पुढे आतड्यात गेला, आंबटपणा संपला, की फुगतो आणि औषध सोडतो. जठराला पत्ताच लागत नाही की आपल्या घरातून कोण गेलं.

कॉलेजातला फ्रिज बिघडला होता आणि या कामाला थंडावा लागतो, म्हणून मॅडमना विचारून हीना मणी घरीच पाडायची. जिलेटिन म्हणजे खडक फोडायच्या सुरुंगाची कांडी, एवढंच ठाऊक असल्याने सत्यभामाबाईंनी भिंतीवरून विचारलं होतं, की बाई, स्वयंपाकघरात विहीर खोदून राह्यले का तुम्ही? हीनाची अम्मी सायरा, तिची चौकशी वेगळी होती. हे कोणाच्या हाडाचं, ते आधी सांग, मग माझ्या भांड्याला हात लाव. मासळीचं आहे म्हटल्यावर तिने पातेलं दिलं, पण जुनं.

ते काम पाहण्यासारखं होतं. जिलेटिनची पूड गार पाण्यात भिजत घालायची. ती फुगली की पातेल्यात पातेलं ठेवून मंद आचेवर विरघळवायची, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याएवढी ऊब, जास्त नाही. त्यात दुसरी एक पूड मिसळायची, आंबट आणि खारं ओळखण्याचं शहाणपण त्या पुडीचं. औषधाच्या जागी सध्या लाल रंग. मग ते बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरून, फ्रिजात गार केलेल्या सरकीच्या तेलाच्या उंच बरणीत थेंब थेंब सोडायचं. थेंब तेलातून खाली जाता जाता गोल होतो आणि तळाला पोचेस्तोवर थिजतो. तेल गाळून काढायचं, मणी धुवायचे. पुढचं घट्ट करायचं औषध उग्र, ते कॉलेजातच, हातमोजे घालून, मॅडमच्या देखत. मग वाळवून परत घरच्या फ्रिजात. घाई केली की थेंबाला शेपूट फुटतं, आणि शेपटीवाला मणी कामाचा नाही, कारण तो एकसारखा फुगत नाही. गाळलेलं तेल टाकून देणं सायराच्या तत्त्वात बसेना. तिने त्यात पापड तळले, तर गल्लीतलं मांजर पापडासमोर ठाण मांडून बसलं.

हीना म्हणजे सत्यभामाबाईंचा जीव. तिच्या लहानपणी वेण्या यांनीच घातल्या होत्या. त्यामुळे मोतीरामचंही त्या घरात जाणं-येणं होतं. एक दिवस तो गेला तेव्हा हीना बापाला मणी दाखवत होती. एका वाटीत लिंबाचं पाणी, दुसरीत खायच्या सोड्याचं. लिंबातला मणी होता तसाच राहिला. सोड्यातला बघता बघता फुगला आणि त्याच्याभोवती लाल धूर पसरावा तसा रंग सुटला. सईदभाईंनी ढेकर देऊन दाद दिली. मोतीराम मात्र जागचा हलला नाही. कारण त्याची खालची पट्टी चोपण होती. चोपण म्हणजे खारवट, वरून पांढरी पडणारी जमीन, तिथे खत टाकलं तरी पिकाच्या अंगी लागत नाही. सोड्याचं पाणी आणि आपली चोपण, दोघं सख्खे भाऊ! मण्यात खत भरलं, सरकीच्या दाण्याशेजारी पुरलं, तर तो चोपणातच उघडणार. आणि ही जेली खामगावच्या दुकानातली नाही, आपल्या पोरीच्या हातची आहे. सत्यभामा याला नाही कशी म्हणेल?

त्याने हीनाकडे थोडे मणी मागितले. बघायला, असं म्हणाला, पेरायला असं नाही म्हणाला, एवढी अक्कल त्याला होती. हीनाला कॉलेजची बस गाठायची होती. तिने सांगितलं, फ्रिजात दोन डबे आहेत काका, टाकायचे आहेत त्यातले न्या, आणि ती पळाली.

आता इथे काय झालं ते नीट समजून घ्या, कारण पुढे सगळ्यांनी मोतीरामला चोर ठरवलं आणि तो चोर नव्हता. त्याने दोन्ही डबे उघडले. एकात शेपटीवाले, वाकडे, चपटे. दुसऱ्यात टपोरे, गोल, एकसारखे. जन्मभर बियाणं निवडलेला माणूस तो. कणसाच्या टोकाचं किडकं-पोचट कोंबडीला, मधलं टपोरं बियाण्याला, हे त्याच्या हाताला डोक्याआधी कळायचं. शेतात टाकायचे म्हणजे निवडलेलेच टाकायचे, वाकडं बी कधी कोणी पेरलंय? त्याला वाटलं, पोरीने आपल्यासाठी निवडून ठेवले. त्याने टपोऱ्यांचा डबा काखेत मारला आणि शेपटीवाल्यांवर नीट झाकण लावून, फ्रिजला हात लावून नमस्कार करून तो घरी आला.

ते मणी सोमवारच्या परीक्षेचे होते. बाहेरून परीक्षक येणार होते आणि हीनाची सगळ्या सत्राची मेहनत त्या डब्यात होती.

मोतीरामने मणी युरियाच्या पाण्यात बुडवून लगेच काढले, वर हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खालच्या पट्टीत सरकीच्या प्रत्येक दाण्याशेजारी बोटाने भोक पाडून चिमूटभर मणी टोबले. हीनाच्या दोन वाट्यांसारखी परीक्षा म्हणून काही ओळींवर आंबट ताक शिंपडलं, कारण लिंबू महाग होतं आणि ताक घरचं. मग ठिबक सोडलं आणि घरी येऊन म्हशीला पाणी पाजता पाजता, आत ऐकू जाईल अशा बेताने, तिला म्हणाला की यंदा पाहजो.

दोन दिवस उन्हात आणि ओलाव्यात मासळीचं जिलेटिन काय करतं, हे कोणत्याही कोळ्याने सांगितलं असतं. देऊळघाटात कोळ्याला विचारायला गेलं कोण? शनिवारी सकाळी मोतीराम शेतात गेला तर खालच्या पट्टीत सभा भरली होती. गावातली झाडून सगळी कुत्री तिथे. गल्लीतलं ते मांजर, त्याचे नातेवाईक, दोन मुंगसं, बगळ्यांची रांग, आणि बांधावर नंबर लावून बसलेले कावळे. कोणी उकरत होतं, कोणी चाटत होतं, एक म्हातारं कुत्रं पोट भरल्याने ओळीतच झोपलं होतं. पट्टी अशी उकरली होती की नांगरट परवडली. मोतीराम हाड हाड करत धावला. कुत्र्यांना वाटलं हाही खायला आला, त्यांनी सरकून जागा दिली.

इकडे हीनाने फ्रिज उघडला आणि किंचाळली. चोर कोण ते सगळ्यांनी तिथेच ठरवलं, आणि थोड्या वेळाने खालच्या पट्टीत सईदभाई, सायरा, हीना आणि पदर खोचून सत्यभामाबाई उभ्या होत्या. हीना रडायला लागली. आपण काय केलं ते मोतीरामला आत्ता कळलं. त्याने चहाची गाळणी मागवली आणि सगळेजण रांगत रांगत माती चाळू लागले. कुत्री शेजारी बसून बघत राहिली. हाती लागले ते मूठभर मणी, फुगून बोराएवढे झालेले, रंग सगळा मातीला देऊन बसलेले. ताकाच्या ओळीत मात्र काही मणी तसेच घट्ट आणि लाल निघाले. मोतीराम उजळला. म्हणाला, बघ पोरी, आंबटात उघडला नाही! हीनाने डोळे पुसून पाहिलं आणि सांगितलं, की काका, ताकामुळे नाही, इथं तुमची ठिबकची नळी तुंबली आहे, पाणीच पोचलं नाही.

सत्यभामाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. म्हैस नव्हती. मग त्यांनी झोपलेल्या कुत्र्याला सांगितलं, "त्या माणसाले म्हणा, पोरीचं वर्ष गेलं तर घरात पाय ठेवू नोको."

वर्ष वाचवायचं तर एकच उपाय होता. रविवारी सकाळी नवीन मणी पाडायचे, दुपारी मॅडम खास कॉलेज उघडणार होत्या, तिथे ते घट्ट करून पंख्याखाली वाळवायचे. हीना जिलेटिनच्या उबेपाशी उभी, सायरा बरणी गार ठेवायला बर्फाशी, आणि सिरिंज धरायला माणूस हवा. सईदभाई बसले, पण दर ढेकराला हात हलायचा आणि एकाच वेळी पाच थेंब पडायचे. मोतीराम दाराशी उभा होता, आत यायची हिंमत नव्हती. तो हळूच म्हणाला, मी धरू? सायराने हीनाकडे पाहिलं. हीनाने दुसरा माणूस नाही म्हणून हो म्हटलं.

तो बसला आणि जन्मभर जे करत आला तेच करू लागला. पहिला थेंब पडायच्या आत दुसरा ढकलायचा. शेपट्याच शेपट्या. बरणीत बेडकांची पिल्लं सोडल्यासारखं दिसू लागलं. हीना नुसती गाळून बाजूला टाकत होती, आणि ते शिव्या खाण्यापेक्षा वाईट होतं. मोतीरामच्या कपाळावर घाम आला. तो आणखी घाई करू लागला.

सत्यभामाबाई केव्हापासून चौकटीत उभ्या होत्या. त्या आत आल्या, त्याच्यासमोर पाटावर बसल्या आणि त्याचं मनगट धरलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "थेंबाले आपल्या मनानं पडू द्या."

मोतीरामने आधी मागे वळून पाहिलं, की म्हैस इथवर आली की काय. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"माह्याशी बोलून राह्यली तू?"

"मंग काय सिरिंजशी बोलून राह्यली?"

थेंब सुईच्या टोकावर लोंबत होता. पडेना. मोतीरामला तो ढकलावासा वाटला, पण मनगट तिच्या हातात होतं. थेंब जड झाला, सुटला, तेलातून सावकाश खाली गेला आणि गोल झाला. हीनाने तो पाहिला आणि आच बारीक केली.

मोतीराम पुटपुटला, की त्या जेलीत तू पडली, ते माझंच चुकलं होतं.

सत्यभामाबाईंनी मान हलवली. "पडल्याचा राग नाई मले. पडले तं उठले. ज्या दिवशी कपाशी उपटली त्या दिवशी तुम्ही खामगावले निंघून गेले. हिरवीगार होती, बोंडं लागेल होते. सकाळपासून म्या एकटीनं उपटली. संध्याकाळी तुम्ही पाकीट घेऊन आले आन म्हणाले, पाह्य काय नवीन आणलं."

सईदभाईंनी ढेकर तोंडातच दाबला. सायरा बर्फ घेऊन तशीच उभी राहिली.

"मले ते पाहावत नव्हतं," मोतीराम म्हणाला.

"मले पाहावत होतं काय?"

आणखी एक थेंब सुटला. मोतीरामने तो पूर्ण खाली जाईपर्यंत पाहिला.

"नाई," तो शेवटी म्हणाला. "यंदा उपटायची पाळी आली तं म्या कोठीच जात नाई."

त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला बरणी नीट दिसत नव्हती. सत्यभामाबाईंनी मनगट सोडलं नाही. दुपारपर्यंत दोघांनी मिळून मणी पाडले.